खालच्या चार ओळी

आता हेच बघा ना, हे समोरच्या भिंतीवरचं पत्रक! ‘कानाची तपासणी करण्यापूर्वी पालकांनी...’ पालकांनी काय? पुढे कॅलेंडर टांगलंय! म्हणजे दवाखान्याचं नाव दिसतंय, वरची दोन फुलं दिसतायत, आणि पालकांनी नेमकं काय करायचं तेवढं कॅलेंडरच्या मागे. शाबास! नाही, मी रागावत नाही, मला तो अधिकारच नाही, मी याच धंद्यातला. तुमचा नंबर कितवा? सतरा? मग बसा निवांत, आत्ता कुठे नऊ नंबर आत गेलाय. नऊ नंबर आमचाच. मुलगी आणि तिची आई आत आहेत. मला बाहेर बसवलंय, कारण आत शांतता लागते आणि मी म्हणे फार बोलतो.

तर मी प्राथमिक शाळेत कारकून. बावीस वर्षं. सगळे भाऊसाहेब म्हणतात. दर शुक्रवारी मुलांच्या दप्तरातून एक कागद घरी येतो की नाही, ‘शाळेची खबरबात’? तो मी बनवतो. वर बातम्या, म्हणजे कुणाला चित्रकलेत बक्षीस, कुणाचा डाव्या पायाचा बूट सापडलाय, आणि खाली आरोग्य. उवा, कांजिण्या, डोळे येणं, खरूज... तुम्हाला सांगतो, आयुष्यात एवढ्या उवा टाइप केल्यात की नुसता कॉम्प्युटर चालू केला तरी डोकं खाजतं! आणि प्रत्येक सूचनेचा शेवट ठरलेला: ‘घाबरण्याचे कारण नाही. अधिक माहितीसाठी कार्यालयात संपर्क साधावा.’ मोठ्या बाईंचा हुकूम. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. “भाऊसाहेब, एक पान म्हणजे एकच पान! पालक पान उलटत नाहीत. आणि शेवट धीराचा हवा!” उवा झाल्या? घाबरण्याचे कारण नाही. पाण्याच्या टाकीत पाल? घाबरण्याचे कारण नाही. एकदा तर सवयीने वार्षिक परीक्षेच्या वेळापत्रकाखाली टाइप झालं, पोरं काय खूश!

आणि पालक वाचतात काय? नावं! फक्त नावं! सोमवारी सकाळी फोन सुरू. “भाऊसाहेब, आमची छोटी समूहगीतात दुसऱ्या रांगेत होती, तिचं नावच नाही!” “अहो, फोटोत आमच्या चिरंजीवांचा नुसता कान आलाय, बाकीचा मुलगा कुठाय?” आरोग्याबद्दल एक फोन? बावीस वर्षांत एक नाही! अधिक माहितीसाठी कार्यालयात, म्हणजे माझ्याकडे, कुत्रंसुद्धा फिरकलेलं नाही. मग माणूस काय शिकतो? जागा कमी पडली की कापायचं कुठून? खालून. आरोग्य कापलं तर कोण विचारतंय?

तर त्या आठवड्यात गुरुवारी शाळेच्या शर्यती झाल्या. आमची मुलगी तिसरीत आहे. आम्ही तिला भिंगरी म्हणतो, कारण ती बसल्या जागी बसत नाही, दात घासतानासुद्धा घरभर फिरते. तर भिंगरीचा पोत्याच्या शर्यतीत तिसरा नंबर आला. आता खरं सांगायचं तर धावल्या पाचजणी, त्यातल्या दोघी पोत्यासकट आडव्या झाल्या. पण तिसरा तो तिसरा! घरी पोरगी पाय आपटत नाचतेय, “बाबा, माझं नाव छापून येणार?” मी म्हटलं, “छापणारा कोण आहे? तुझा बाप!”

शुक्रवारी मोठ्या बाई म्हणाल्या, “भाऊसाहेब, पहिल्या नंबरांचीच नावं घ्या, जागा नाही. तिसरीतल्या एका मुलाला मेंदूज्वर झालाय, आरोग्य खात्याचं पत्र आलंय, ते पूर्ण घाला.” पूर्ण घाला म्हणाल्या. स्पष्ट म्हणाल्या, मी त्यांच्यावर ढकलत नाही. आणि त्या गेल्या बैठकीला. मी पहिले नंबर टाकले. मग म्हटलं, दुसरे टाकले तरच तिसरे टाकता येतील ना? नुसता तिसरा कसा टाकणार? म्हणून दुसरे टाकले. मग तिसरे टाकले. आणि पान भरलं. खाली चार ओळी जास्त होत होत्या. आरोग्याच्या. मी त्या वाचल्या का? नाही हो! मी ओळी वाचत नाही, मोजतो. चार? चार उडवल्या. ‘तिसरीतील एका विद्यार्थ्यास मेंदूज्वर झाल्याचे आढळले आहे. घाबरण्याचे कारण नाही. अधिक माहितीसाठी...’ बसलं पान! काय सुबक बसलं म्हणता! हिने, म्हणजे आमच्या मंडळींनी, ते स्वयंपाकघरातल्या कपाटावर चिकटवलं, भिंगरीच्या नावाभोवती लाल पेनाने गोल केला.

रविवारी दुपारी भिंगरीला ताप आला. म्हणाली पडदा लाव, उजेड टोचतोय. मी म्हटलं, उन्हात उड्या मारल्यास ना! उलटी झाली. मी म्हटलं, बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल. मान दुखते म्हणाली. मी म्हटलं, पोत्यात उड्या मारल्यावर मान नाही तर काय नाक दुखणार? तुम्हाला सांगतो, प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर होतं! ही म्हणाली, “अहो, तो मेंदूज्वर... पत्रकात बघू या ना काय लिहिलंय!” आणि गेली कपाटाशी. दोनदा वाचलं तिने. मागे काही आहे का म्हणून कोपरा उचलून पाहिला. “यात तर काहीच नाही. घाबरण्याचे कारण नाही असं लिहिलंय.” मी म्हटलं, “मग? शाळेने लिहिलंय ना?” शाळेने! मीच लिहिलेलं मीच तिला वाचायला लावलं, आणि तिचं ऐकून मलाच धीर आला!

सोमवारी मी कामावर गेलो. भिंगरी झोपली होती. गप्प, एका जागी. मी म्हटलं, चला, विश्रांती घेतेय. साडेआठला फोन. एक आई. “भाऊसाहेब, पत्रकात मेंदूज्वराची लक्षणं नाहीत हो. अधिक माहितीसाठी फोन केला.” बावीस वर्षांत पहिली! मला तर उचंबळून आलं. म्हटलं, थांबा ताई, पत्रच वाचून दाखवतो. आणि सरकारी आवाजात सुरू केलं. “अचानक जोराचा ताप. उजेड सहन न होणे. उलट्या. मान दुखणे किंवा ताठ होणे. मूल सुस्त...” ती बाई तिकडून “हॅलो, हॅलो” करतेय, आणि मी तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचतोय. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, एक तासही न थांबता रुग्णालयात न्यावे. मी अठरा तास थांबलो होतो.

फोन तसाच लोंबकळत टाकून पळालो. दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या, “काल का नाही आणलं?” काय सांगू? शुक्रवारी पोत्याची शर्यत छापली होती म्हणून?

वाचली. अकरा दिवसांनी डोळे नीट उघडले, पण हाक मारली की भलतीकडेच बघायला लागली. मोठ्या बाई भेटायला आल्या, हळूच म्हणाल्या, “शुक्रवारच्या पत्रकात ‘आणखी एका विद्यार्थिनीस’ असं घालायचंय... तुम्हाला जमेल का?” जमलं. स्वतःच्या पोरीबद्दल ‘एका विद्यार्थिनीस’ लिहिलं. त्या चार ओळी सगळ्यात वर, ठळक घातल्या. शेवट बाईंनी स्वतः पेनाने लिहिला. ओळखा काय लिहिलं!

हिला अजून माहीत नाही. तिला वाटतं, आरोग्य खात्याने लक्षणं कळवलीच नव्हती. येईल-जाईल त्याला त्यांच्या नावाने बोटं मोडते, आणि मी मान डोलावतो. कपाटावरचा कागद अजून तिथेच आहे, लाल गोलासकट. काढायला गेलो तर म्हणते, “राहू द्या हो, तिचं नाव छापून आलंय.” मला रोज सकाळी चहा घेताना ते तिसरं नाव दिसतं. मी त्याच्यासाठी माझ्या पोरीचा कान दिला. तुम्ही अनोळखी, म्हणून बोललो. घरी बोलायची छाती होत नाही...

आल्या, आल्या बाहेर! काय म्हणाले? डावा... कायमचा? बरं. उजवा शाबूत आहे ना? बरं, बरं... ये गं भिंगरी, बस इथे बापाजवळ. हात केवढे गार पडलेत! काही नाही हं राणी, घाबरण्याचं काही कारण...

बघा! बघितलंत? मान फिरवली! हे नवीन काढलंय हिने. परवा विचारलं, बाबा बोलतोय आणि तू तोंड का फिरवतेस गं? तर म्हणते कशी, “बाबा, तू घाबरू नको म्हणालास की मग सुई टोचतात. म्हणून मी डावा कान पुढे करते.”

तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं ते वाक्य घरोघरी वाटतोय मी. ते कुठल्या कानाने ऐकायचं, हे फक्त हिला कळलं.