पत्र्याला हात लावलेला नाही

जबाब देणार: घरी, गल्लीत व कामावर छबूताई म्हणून ओळखली जाणारी. वय ५१ वर्षे. धंदा: नोकरी, शीतगृहात फळे व फुले निवडणे. राहणार: (कोरे). तक्रारीत: भावाच्या घरी, वरचा माळा. आज रोजी तेथे राहत नाही. आज कोठे राहता असे विचारले असता, ते शेवटी सांगते असे उत्तर दिले.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील घरात माझा मोठा भाऊ, वहिनी आणि त्यांचा मुलगा म्हणजे माझा पुतण्या असे राहतात. पुतण्याचे लग्न याच उन्हाळ्यात झाले, त्यामुळे आता त्याची बायकोही आहे. भावाचे चष्म्याचे दुकान आहे. माझ्या नवऱ्याने दुसरे घर केल्यावर मी आठ वर्षांपूर्वी भावाकडे आले. नवऱ्याबद्दल अधिक काही सांगायचे नाही, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

घर खाली दोन खोल्या व हॉल असे आहे. वर अर्धी गच्ची आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावर उतरता पत्रा घालून माळा केलेला आहे. मधोमध उभे राहता येते, कडेला गेले की वाकावे लागते. तेथे जुन्या गाद्या आणि दुकानातली मोडकी कपाटे होती. ती एका बाजूला सारून माळा मला देण्यात आला. त्या वेळी दादा म्हणाला, “हक्काने राहा, घर तुझंच आहे.” हे वाक्य मी मुद्दाम जसेच्या तसे सांगत आहे, कारण दादाच्या तक्रारीत ते आलेले दिसत नाही.

उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली नुसता हात वर केला तरी झळ लागते. रात्रीही पत्रा लवकर निवत नाही. मी चादर ओली करून अंगावर घ्यायची, ती वाळली की उठून पुन्हा भिजवायची. पत्र्याखाली छत मारून द्यावे, असे मी पहिल्या उन्हाळ्यात दादाला बोलले. तो बघू म्हणाला. दुसऱ्या उन्हाळ्यातही बघूच म्हणाला. वहिनी म्हणाली की छबूताई तर दिवसभर शीतगृहात गारव्यात असतात, रात्रीपुरता काय तो प्रश्न. त्यावर सगळे हसले. मीही हसले. पुढे मी विचारणे सोडून दिले.

तीन वर्षांपूर्वी आमच्या शीतगृहाच्या एका खोलीचे जुने पॅनल काढून नवे बसवले. पॅनल म्हणजे दोन्हीकडून पातळ पत्रा आणि मध्ये पिवळा फोम, त्यातून बाहेरची उष्णता आत येत नाही. जुने पॅनल भंगारात जाणार होते. फोरमनला विचारून ते मी घेतले. त्याची चिठ्ठी वगैरे काही नाही, पण फोरमन हयात आहे आणि खोटे बोलत नाही. आमच्याकडे फुले ठेवायला येणारे एक नर्सरीवाले आहेत. त्यांच्याकडे ऑर्किडची बारीक रोपे जास्त झाली होती. ती वाढवून फुलांचा दांडा आला की परत घेतो, असे ते म्हणाले. ऑर्किडला ऊन सोसत नाही, ओलावा लागतो आणि हवा सारखी एकाच मानाची लागते. म्हणून माळ्यावर त्यांची खोली करायचे ठरवले.

ते काम मी सुट्टीच्या दिवशी करत गेले. पॅनल मापात कापून पत्र्याच्या खाली बसवले. पत्रा व पॅनल यांच्यात मुद्दाम पोकळी ठेवली, म्हणजे तापलेली हवा वरच्या वर निघून जाते. सांधे फोमने भरून वरून चंदेरी पट्टी मारली. दाराला रबर लावले. जुना एसी, ट्यूबलाइट, एक लहान पंखा आणि लोखंडी रॅक एवढे सामान आणले. विजेचे मीटर माझे वेगळे होते. फोरमनने दोन रविवार येऊन हात लावला, बाकी माझे मी केले.

रोपांसाठी करते म्हटल्यावर घरात कोणी हरकत घेतली नाही. दादा पाहून गेला आणि झाडांची चैन आहे बुवा म्हणाला. स्वतःसाठी करते म्हटले असते तर दहा फाटे फुटले असते. रोपांच्या नावाखाली माझीही सोय झाली, हे मी नाकारत नाही. रॅकच्या मधल्या जागेत माझी गादी बसत होती. त्या वर्षीपासून मी उन्हाळ्यातही रात्रभर झोपू लागले.

या उन्हाळ्यात ऊन फार होते. एका दुपारी वहिनी पांघरुणे शोधायला वर आली ती तेथेच बसली. दुसऱ्या दिवशी येताना उशी घेऊन आली. मग दादाही जेवण झाले की वर यायला लागला. मी कामावर असायची, पण गादीवरच्या सुरकुत्यांवरून कळायचे. मला त्याचे वाईट वाटले नाही. उलट बरे वाटले, की आता तरी यांना त्या पत्र्याचे काय ते कळले. मूर्ख होते मी.

पुतण्याचे लग्न ठरल्यावर माळा नव्या जोडप्याला द्यायचा, असे खालच्या खाली ठरले. मला सांगितले तेव्हा मी ओट्याशी भाजी चिरत होते. दादा म्हणाला की पोरांना स्वतंत्र खोली नको का, आणि तुझी झाडे काय, गच्चीवरही राहतील. मी सांगितले की गच्चीवर एक दिवसही राहणार नाहीत. यंदा पहिल्यांदा दांडे आले आहेत, कळ्या धरल्या आहेत, नर्सरीवाले पंधरवड्यात येऊन नेतील, तोवर थांबा, मग मी स्वतः खोली मोकळी करते. दादा बरं म्हणाला. वहिनीही बरं म्हणाली. दोघे बरं म्हणाले, हे मी शपथेवर सांगते.

त्यानंतर एका दिवशी मला कामावर दुहेरी पाळी होती. परत आले तेव्हा सगळे ट्रे गच्चीवर उन्हात मांडलेले होते आणि माळ्यावर रंगाचा वास येत होता. पाने पांढरी पडली होती, काही ठिकाणी भाजल्यासारखी. वहिनीने त्यांच्यावर भांडे भांडे भरून पाणी ओतले होते. ते पाणी पानांच्या मधोमध साचून तापले आणि गाभे शिजून निघाले. वहिनी रडवेली होऊन म्हणाली की मी काळजीच घेतली, बदाबदा पाणी घातले, उन्हात सुकू नयेत म्हणून. वहिनीने मुद्दाम मारली असे माझे म्हणणे नाही. विचारले असते तर तीन शब्दांत सांगितले असते, पण मला विचारायचे कोणालाच सुचले नाही. कळ्या दोन दिवसांत गळून गेल्या. नर्सरीवाले आले ते नुसते पाहून गेले. त्याबाबत मी पोलिसांत आले नव्हते. घरचे भांडण कोण चव्हाट्यावर मांडणार, असे वाटले.

लग्न झाले. जोडपे माळ्यावर राहू लागले. एसी माझा, पॅनल माझे, दाराचे रबरसुद्धा माझे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. मला हॉलमधला दिवाण देण्यात आला. तेथे टीव्ही आहे, तो बंद झाला की झोपायचे. आलेल्या पाहुण्यांना दादा माळा दाखवायला घेऊन जायचा. मी दिवाणावर बसून ऐकायची. तो त्यांना सांगायचा, “आम्ही खास पॅनल लावून घेतले.”

नवी सून पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, “आत्या, आधी इथे तुम्ही राहत होतात ना? मग आता तुमचं काय?” त्या घरात आठ वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली की त्यांचे काय, एकटा जीव, कुठेही मावतो.

घटनेच्या दिवशी रविवार होता. दादा, वहिनी व पुतण्या नातेवाइकांकडे जेवायला गेले होते. सून डोके दुखते म्हणून घरी थांबली होती. मी सकाळी टेम्पो बोलावला. तिचा पलंग व पेट्या मधोमध ओढून वर जुन्या चादरी टाकल्या. तिच्या एकाही वस्तूला धक्का लागलेला नाही. मग पट्ट्या सोडवल्या, स्क्रू काढले आणि एकेक पॅनल उतरवले. एसी, पंखा, ट्यूबलाइट, दाराचे रबर आणि रॅक काढले. स्क्रूची भोके सिमेंटने बुजवली. फोमचा चुरा पडला होता तो झाडून भरला आणि फरशी पुसून घेतली. टेम्पो दुपारच्या आत निघून गेला.

भावाचे म्हणणे असे आहे की घराला एकदा लावलेली वस्तू घराची होते. त्यावर सांगते की मी ठोकलेले काही नव्हते, सगळे स्क्रूवर होते. फोरमनने तेव्हाच विचारले होते की कायमचे पक्के का करत नाही. मी म्हणाले होते, उद्या काढावे लागले तर मोडू नये म्हणून. तेव्हा ते मी कामाच्या हिशेबाने बोलले असे मला वाटले होते. आता वाटते की मला आधीपासून माहीत होते.

पॅनल एकट्या माणसाने उतरत नाही, शिडी धरायला व खालून घ्यायला दुसरे माणूस लागते, असे फोरमनने सांगितल्याचे जबाब घेणारे साहेब म्हणाले. ते बरोबर आहे. शिडी कोणी धरली ते मी सांगणार नाही. टेम्पोवाला रस्त्यावर होता, तो वर आला नाही. ज्याने धरली त्याला मी आधी सांगितले होते की उद्यापासून तुलाच त्रास आहे. त्यावर मला उत्तर मिळाले की, “असू दे. यांना कळू दे.” याहून जास्त मला विचारू नये.

सगळे परत आले तेव्हा दिवसाचा ऐन तडाखा होता. पुतण्या वर गेला आणि लगेच खाली आला. वहिनीने मला नाही नाही ते ऐकवले, ते येथे लिहिण्यासारखे नाही. दादा बराच वेळ वर होता. खाली आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. तो म्हणाला, “छबे, तू घर मोडलंस.”

मी म्हणाले, “नाही दादा. मी आले तेव्हा जसं होतं, तसं करून दिलं.”

त्यावर तो चपला घालून थेट येथे तक्रार द्यायला आला. माझा सख्खा भाऊ आहे. लहानपणी माझी शाळेची पेटी तो उचलायचा. हे तक्रारीशी संबंधित नाही, पण मी सांगितले आहे तर राहू द्यावे.

हे कृत्य रागाच्या भरात केले काय, असे विचारले असता सांगते की राग होता. तो अजून आहे, तसे लिहून घ्यावे. पण भरात काही केलेले नाही. भरात केले असते तर हातोडा घेतला असता, स्क्रूड्रायव्हर नाही.

दादाने निरोप पाठवला आहे की पॅनल होते तसे परत लावून दे, मी तक्रार मागे घेतो, आणि हॉलमधला दिवाण तुझाच आहे. साहेबांनीही समजावले की घरचा मामला आहे, वय झाले आहे, मिटवून टाका. त्यांचा हेतू चांगला आहे. परंतु दिवाण नको. पॅनल सध्या शीतगृहाच्या मागच्या शेडमध्ये उभे करून ठेवले आहे, फोरमनच्या परवानगीने. एक रोप त्या उन्हातून वाचले आहे, पान एकच आहे, ते माझ्याजवळ आहे. मी कामावरच्या एका बाईच्या घरी स्वयंपाकघरात झोपते. जागा शोधत आहे. पत्ता ठरला की आणून देईन. तोवर तो रकाना कोरा ठेवावा, भावाचे घर लिहू नये.

माळ्यावरून मी माझे सामान सोडून काहीही नेलेले नाही. पत्र्याला हात लावलेला नाही. तो दादाचा आहे.

जबाब मला सावकाश वाचून दाखवला. त्यात तक्रारीतले एक वाक्य घेतले होते, की खोली माणसाने राहण्यास अयोग्य करून टाकली. मी सांगितले की त्याच पत्र्याखाली मी पॅनल लावण्याआधी पाच वर्षे राहिले आहे, तेव्हा एक तर ‘अयोग्य’ हा शब्द काढावा, नाही तर माझी पाच वर्षेही लिहावीत. साहेबांनी दादाला आत बोलावले आणि काय करायचे असे विचारले. दादाने खाली बघत सांगितले की शब्द राहू द्या. म्हणून वर्षेही लिहिली आहेत. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे, ऐकून पटले म्हणून सही करते.