पाय आधी, ‘आई गं’ मागून

सभेचे अध्यक्ष माननीय दत्ताजीराव, व्यासपीठावर विराजमान आमच्या मुख्याध्यापिका विजयमालाबाई, विद्याखात्याच्या कचेरीतून मुद्दाम वेळ काढून आलेले विश्वासराव, माझे सहकारी, अध्यापन वर्गाच्या आजीमाजी विद्यार्थिनी, आणि घडियाळी पोळातून उन्हाचे पायी चालत आलेले माझे शेजारी,

आत्ता माझ्याविषयी जे बोललं गेलं ते ऐकताना मी दोनदा मागे वळून पाहिलं. म्हटलं, हे जयवंतराव कोण? माझ्या खुर्चीमागे कोणी थोर गृहस्थ येऊन उभे राहिले की काय? मागे भिंतच होती, तेव्हा सगळी स्तुती नाइलाजाने मलाच घ्यावी लागली. तिच्यातली निम्मी जरी खरी असती, तरी मी आज जे बोलणार आहे ते बोलावं लागलं नसतं.

एकतीस वर्षं मी या वर्गात शरीरशास्त्र शिकवलं. बडोदे सरकारांच्या कृपेने हा विषय मुलींना आपल्या भाषेत शिकवायचं ठरलं, तेव्हा पुण्याहून माझ्या मामांचं पत्र आलं होतं: ‘बायकांना मज्जातंतू कशाला हवेत?’ मी उत्तर धाडलं की, मामा, ते त्यांना जन्मापासून आहेत, आम्ही फक्त कळवतो आहोत. मामांनी पुढे वर्षभर पत्र लिहिलं नाही.

माझा जीव त्या मज्जातंतूंवरच होता. पायात बाभळीचा काटा रुततो. ती खबर एका तंतूने वर निघते, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत पोहोचते. तिथून दुसऱ्या तंतूने खाली हुकूम सुटतो: उचल पाय! खबर नेणारे तंतू वेगळे, हुकूम आणणारे वेगळे. एकाचं काम दुसरा करत नाही. आणि मेंदूमहाराजांना हे सगळं कळतं ते पाय उचलून झाल्यावर. ‘पाय आधी, आई गं मागून’ असं मी वर्गात म्हणायचो आणि माझी पाठ वळली की मुली माझ्या आवाजात तेच म्हणायच्या. मला ठाऊक होतं. विजयमालाबाई, हसू नका, त्यांत तुम्हीही होतात.

मंडळाने मला शाल दिली, श्रीफळ दिलं. मी ऋणी आहे. पण तेवढ्यावर न थांबता माझ्या कुटुंबासाठी हे जरीकाठी लुगडंही दिलं, आणि चिटणीस शरच्चंद्र अगदी प्रेमाने म्हणाले, ‘वहिनी साताऱ्याहून आल्या की नेसतील.’ नऊ वर्षं ती माहेरी साताऱ्याला आहे, असं मी सांगत आलो. भावजय आजारी, मग भाऊ आजारी. तुम्ही सज्जन माणसं, कधी विचारलं नाहीत की हे कसलं न संपणारं माहेरपण! ती साताऱ्याला नाही. हे लुगडं मला खोटं बोलून घेता येत नाही, म्हणून सांगतो.

आमच्या घरी एक गोष्ट कौतुकाची होती. आमची मंडळी चुलीवरचं उकळत्या आमटीचं पातेलं उघड्या हातांनी उतरवायची. सांडशी नको, फडकं नको. पाहुण्यांसमोर मी मुद्दाम उतरवायला लावायचो. आपल्यात बायकांचे हात असे घट्ट असले की घराला भूषण वाटतं. एकदा ते मी वर्गातही सांगितलं, सवयीने तंतूंना कसं वळण लागतं याचं उदाहरण म्हणून! मुली हसल्या. निरुपमा नावाची एक विद्यार्थिनी तेवढी हसली नाही. उभी राहून म्हणाली, “साहेब, बाईसाहेबने दझातुं नथी?” म्हणजे, बाईसाहेबांना भाजत नाही का?

मी म्हटलं, “बस खाली, सवय आहे त्यांना.” पण तो तास मी अर्ध्यावरच सोडला.

घरी गेलो. कित्येक वर्षांत प्रथमच तिचे तळहात उलटून पाहिले. बोटांना फोड, फोडांवर फोड, जुने डाग. कोपराच्या मागे हाडाच्या खोबणीत एक नस असते. तिथे दाराची कड लागली की आपल्या करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात. ती मी दाबली. वातीसारखी जाड लागली. हिने हात हलवलासुद्धा नाही.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दोन वर्षं झाली असतील.”

“आणि बोलली नाहीस?”

“तुम्ही चारचौघांत कौतुक करत होतात,” ती म्हणाली, “मला बरं वाटत होतं.”

डॉक्टरांनी नाव सांगितलं. महारोग. खबर नेणारे तंतू आधी गेले होते, हुकूम आणणारे शाबूत होते. म्हणून ती दळत होती, शिवत होती, माझं ताट वाढत होती. कुणाला काय कळणार? मला कळायला हवं होतं. साऱ्या बडोद्यात हे ज्याला कळायला हवं, असा माणूस तिच्या समोरच जेवायला बसत होता.

पहिल्या रांगेत एक खुर्ची मागे सरकली, मी पाहिलं. सरकू द्या. मी रागावत नाही. ते मागे सरणं तुमच्या डोक्यात नाही, पाठीच्या कण्यात आहे. माझ्याही होतं.

नर्मदाकाठी अशा रोग्यांसाठी एक आश्रम आहे. तिथे जायचं तिनेच ठरवलं. ‘तुमची नोकरी जाईल, पोळातले लोक गल्लीत राहू देणार नाहीत,’ असं म्हणाली आणि गाठोडं बांधलं. चांदोदपर्यंत गाडीने गेलो. पुढे होडी. घाटावर पाणी उतरलेलं, होडीची फळी हलत होती. तिने आधारासाठी माझ्याकडे हात केला.

मंडळी, माझा हात मागे गेला. मी नेला नाही, तो गेला. काट्यावरून पाय जातो तसा. आणि ‘आई गं’ मागून आलं; ते अजून थांबलेलं नाही.

“राहू द्या,” ती म्हणाली, “मी चढते.” हात पदराखाली घेतला आणि एकटी चढली.

पुढे दर दिवाळीला गेलो. ओसरीवर दहा हात अंतर ठेवून बसायचं. ती विचारायची, जेवता ना नीट? मी म्हणायचो, हो. खरं तर घरी एकच ताट, आणि बोलायला कुणी नाही म्हणून उद्याचा धडा भिंतीला शिकवायचा. तुम्ही म्हणालात की मास्तरांची तयारी फार पक्की असे. ती अशी पक्की झाली. मी फार एकटा होतो हो. आणि ते सांगायची सोय नव्हती, कारण माझी बायको माहेरी होती ना!

गेल्या खेपेस आश्रमाचे डॉक्टर म्हणाले, इथे भाजलेलं, कापलेलं ज्याचं त्याला कळत नाही. रोज संध्याकाळी सगळ्यांचे हातपाय डोळ्यांनी तपासणारा माणूस हवा. पगार नाही, दोन वेळचं जेवण. मी होकार दिला आहे. उद्या सकाळच्या चांदोदच्या गाडीने निघतो. तिला कळवलेलं नाही, ती नको म्हणेल. लुगडं घेऊन जातो, मंडळाची परवानगी आहे असं धरतो.

तिचं नाव मथुरा. भरसभेत बायकोचं नाव घेण्याची आपली रीत नाही, पण नऊ वर्षं मी ते नाव घराबाहेर उच्चारलं नव्हतं.

अध्यक्षांचे, मंडळाचे, आपणा सर्वांचे मनापासून आभार मानतो. सणासारख्या समारंभात हे असलं बोललो, शिकवण्यातही एकतीस वर्षांत काही उणंअधिक झालं असेल; आपण मोठ्या मनाने पोटात घालाल. मोठी क्षमा मागायची आहे ती उद्या, नदीपलीकडे, आणि तिथे भाषण करायचं नाही. हात धरायचा आहे. पण तिच्या बोटांना तो कळणार नाही. म्हणून ती माझ्याकडे पाहीपर्यंत थांबेन, आणि ती पाहत असताना धरीन.