तो आडवा दात

हलणार नाही म्हणजे नाही, मी त्याला तेच सांगत होते, टेबल हलणार नाही, तू तिकडून ओढ, मी इकडे बसलेय, बघू कोण आधी दमतं... आणि हा माझा मुलगा, चाळिशी उलटून गेलेला, कंबरेला पट्टा बांधणारा, टेबलाचं टोक धरून वाकलेला, मला म्हणतो, "आई, तू आधी ऊठ बघू." ऊठ बघू म्हणे. का उठू? या टेबलाला खुर्ची एकच, ती माझी, आणि मी उठले की टेबल गेलं, एवढंही मला कळत नाही का? सून दारात उभी, हाताची घडी घालून. ती मला काहीच बोलत नव्हती, ती भिंतीला सांगत होती, "माझी आई काल संध्याकाळपासून एक शब्द बोललेली नाही. नुसती बसलीये." भिंत काय करणार बिचारी. मी आपलं म्हटलं, "विहीणबाई एरवी तरी कुठं बोलतात?" तर झालं, तेल ओतलं मी.

आणि हे सगळं कशावरून? एका दातावरून. तुम्हाला सांगते, तो दात तुमच्यासमोर ठेवते, आणि तुम्ही छातीवर हात ठेवून सांगा, तो दात बघून कुणाला वाटलं असतं की हे बरोबर छापलंय?

बसा, पहिल्यापासून सांगते.

माझ्या मुलाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे घराखालची खोली, तीन प्रिंटर, कोपऱ्यात हे माझं टेबल आणि एक पंखा, जो मशीनवर लावायचा, माणसांवर नाही. कागदाचे प्रिंटर नव्हेत हं, प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर चढवत अख्खी वस्तू उभी करतात, ते. नळाची मूठ, कुणाच्या शिलाई मशीनचं मोडलेलं चाक, घरं बांधणाऱ्यांना दाखवायची चिमुकली घरं. आणि ही मशीनं फार हुशार, असं तो म्हणतो. सहा तास इमानेइतबारे थर चढवतात आणि सातव्या तासाला त्यांच्या मनात काय येतं कोण जाणे, बोटभर बाजूला सरकून पुढचं सगळं तिथं छापत बसतात, म्हणजे अर्धी फुलदाणी इथं आणि अर्धी शेजारी. नाहीतर वस्तू खालून सुटून पडते आणि मशीनला पत्ताच नाही, ते हवेतच तार सोडतंय, सोडतंय, आपण येऊन बघावं तर हा एवढा गुंतवळ. असा नग निघाला की मुलगा तो उचलतो, च्यक करतो आणि लाल क्रेटमध्ये टाकतो. चांगला निघाला की पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवतो. पांढरा ट्रे गिऱ्हाइकाचा, लाल क्रेट माझा. हा आमचा कायदा, आणि तो मी सात वर्षं पाळलाय... जवळजवळ पाळलाय, येते त्याच्यावर.

त्या लाल क्रेटमधून मी काय काय केलंय, विचारा. ती बोटभर सरकलेली फुलदाणी, तिला मी राखाडी रंग दिला, वरचं टोक मेणबत्तीवर धरून काळं केलं, झाली जळून गेलेल्या गिरणीची चिमणी. गुंतवळाची केली चेटकिणीची झिपरी, उरला त्याची पक्ष्याची घरटी. शेजारपाजारचे मोडकी खेळणी आणून देतात, एका हाताची बाहुली, तीन चाकांची मोटार. त्या मोटारीची चाकं माझ्या जहाजाच्या खिडक्या झाली, आणि बाहुलीचा हात पाणबुडीतून बाहेर येतो, कुणाचा ते विचारायचं नाही. निवृत्त बाप्यांचं एक टोळकं आहे, खोलीभर छोटी रेल्वे मांडतात, ते माझ्याकडे पडक्या घरांसाठी नंबर लावतात. सरळ घर हो, कुणीही छापेल. पडकं घर छापून दाखवा. मुद्दाम पाडलेलं घर मुद्दाम पाडलेलंच दिसतं, त्याला मनापासून बिघडलेला नगच लागतो. हे मला कुणी शिकवलं? कुणी नाही. माझी शाळा चौथीला सुटली, पुढचं सगळं मी वस्तू उघडून शिकले. घड्याळ उघडलं, इस्त्री उघडली, एकदा सासऱ्यांची कवळी उघडायला गेले तर ती उघडत नाही म्हणून कळलं.

तर कवळीवरून आठवलं. विहीणबाई.

विहीणबाई, म्हणजे आमच्या सुनेची आई, महिन्याभरासाठी राहायला आल्या. दात करायला. पुढचे दोन नाहीत, मागचे तीन नाहीत, त्या जागी बसवायचा सेट करायचा होता. बाई नीटनेटकी, टापटीप, रुमालाला इस्त्री करणारी. पहिल्या दिवशी खाली आल्या, माझ्या टेबलापुढं उभ्या राहिल्या, सगळ्यावरून नजर फिरवली, आणि तोंडावर रुमाल धरून, कारण त्या बोलताना कायम तोंडावर रुमाल धरतात, मला म्हणाल्या, "हे सगळं टाकायचं राहिलंय का हो अजून?" सात वर्षांचं काम. टाकायचं राहिलंय का. मी म्हटलं, "हो, माणसं टाकून झाली की हे घेणार आहे." त्यानंतर आमचं बोलणं पोळीभाजी लागतं तेवढंच.

आता ऐका. वाचनालयात मुलांचं सावल्यांचं नाटक होतं. मधे पांढरी चादर, मागून दिवा, आणि दिव्यापुढं आपण जे धरू त्याची सावली चादरीवर दारापेक्षा मोठी. ग्रंथपालबाई मला म्हणाल्या, "आजी, राक्षस तुमच्याकडे." राक्षस सगळा झाला, शिंगं झाली, गुंतवळाची दाढी झाली, जबडा काही जमेना. पुठ्ठ्याचे दात कापले, ते कुंपणासारखे दिसायला लागले. राक्षस कसला, फाटक उघडझाप करतंय. आणि अशात एक दिवस दुपारी मी खाली येते, मुलगा फोनवर, आणि लाल क्रेटच्या शेजारी, अगदी शेजारी, एक जबडा. वरचा आणि खालचा. मधेमधे दात गायब. आणि जे होते त्यातला एक सुळा... कसं सांगू तुम्हाला. रांगेतून बाहेर पडून, आडवा होऊन, शेजाऱ्याच्या डोक्यावर चढून बसलेला. मी मनात म्हटलं, सरकलं मशीन. थर चढवता चढवता सरकलं, आणि अर्धे दात छापायचेच विसरलं. एवढा सुंदर बिघडलेला नग मी सात वर्षांत बघितला नव्हता. तुम्हीच सांगा, तो दात बघून कुणाला वाटलं असतं की हे बरोबर छापलंय?

मी उचलला. चावीच्या बदकाचं पोट फोडून त्यातलं यंत्र काढलं, जबड्याला मागून दोन भोकं पाडली, तारेचं बिजागर केलं, चावी दिली... कट कट कट कट. असा उघडायचा, असा मिटायचा, आणि मिटला की तो आडवा दात शेवटी एकटाच कट् करायचा, स्वतःचं वेगळं. मी खुर्चीत बसून एकटीच हसले, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्याच दिवशी नाटक, हॉल गच्च भरला. मी चादरीमागं, गुडघ्यांवर, एका हातात दिवा, एका हातात जबडा. राक्षस आला, चावी सोडली, आणि चादरीवर तो दात उभा राहिला, माणसाएवढा. काय आरडली ती पोरं. मग हसली, मग पाय आपटायला लागली, "दात, दात, पुन्हा दात," राक्षसाला मरायचं होतं त्याला मरू देईनात. तीन वेळा मी त्याला परत आणला. आणि तिसऱ्या वेळी अंधारातून एक पुरुषी आवाज, "अहो थांबा, हा माझ्या पेशंटचा आहे."

दातांचा डॉक्टर. त्याचा मुलगा नाटकात झाड झाला होता, म्हणून आलेला. आता डॉक्टरच तो, दिवसभर दातांच्या सावल्याच बघतो एक्स-रेवर, माणूस रस्त्यात ओळखणार नाही पण सावली बरोबर ओळखली. नाव नाही घेतलं त्यानं, तेवढी अक्कल होती. पण पहिल्या रांगेत आमच्या सुनेनं गर्रकन मान वळवून आपल्या आईकडं बघितलं, आणि आईनं झटकन तोंडावर रुमाल धरला. मग काय, नाव घ्यायचं राहिलं कुठं? सगळा हॉल बघायला लागला.

हो. विहीणबाईंचे दात. डॉक्टरनं तोंडात कॅमेरा फिरवून माप घेतलं होतं, त्यावरून हुबेहूब जबडा छापायचा, त्या जबड्यावर डॉक्टर सेट बेतणार. आणि छपाईचं काम कुणाकडं? आमच्याच घरात, जावयाकडं. मशीन सरकलंच नव्हतं. मशीननं जसं होतं तसं छापलं होतं. सरकलं असेल ते पन्नास-साठ वर्षांपूर्वी, विहीणबाईंच्या तोंडात.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी हे भांडण. मुलगा म्हणाला, "तू लाल क्रेटमधून घेतलास का?" म्हटलं, "क्रेटच्या शेजारून." "शेजारी काय आहे?" "शेजारी फळी आहे." "फळीवर काय आहे?" काय वकील झालाय. म्हटलं, "ट्रे आहे." "कुठल्या रंगाचा?" आता ट्रे पांढरा आहे हे त्याला माहिती नाही का? विकत त्यानंच आणला. "आणि जबड्यावर चिठ्ठी होती ना?" होती. होती चिठ्ठी, मी कुठं नाही म्हणते? "काय लिहिलं होतं?" 'डॉक्टरांचं, हात लावू नये' असं लिहिलं होतं. पण हा कशावरही लिहितो हो 'हात लावू नये', चिकटपट्टीवर लिहितो, पंख्यावर लिहितो, कुठवर हात न लावता जगायचं माणसानं? आणि चिठ्ठी काय, चिठ्ठी चुकून पडते भलत्यावर. मी चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा की डोळ्यांवर? तो दात बघून...

"आई, पुन्हा तो दात काढू नकोस." मुलगा म्हणाला. "दुसरा जबडा आज छापतो मी, प्रश्न छपाईचा नाही. सासूबाईंना सगळ्या गावासमोर राक्षस केलंस तू. टेबल आज वर जाणार, माळ्यावर." आणि मग हळूच, "इथं तसंही चौथं मशीन बसतं."

ऐकलंत? तसंही. दात हे निमित्त हो, टेबलावर डोळा होता. माळ्यावर मी हे असले गुडघे घेऊन चढणार आहे का? टेबल माळ्यावर म्हणजे टेबल संपलं, आणि मग मी काय करायचं, खिडकीत बसून येणारेजाणारे मोजायचे? मी दोन्ही पाय टेबलाच्या आडव्या पट्टीत अडकवले. म्हटलं, ओढ. आता आम्हा दोघांना घेऊन जा. त्यानं ओढलं, टेबल वीतभर सरकलं, मी वीतभर सरकले, जहाज पडलं, पाणबुडीतला हात तुटला. सून भिंतीला म्हणाली, "चूक झाली म्हणायला जीभ जड होते माणसांची." मी पण भिंतीलाच म्हटलं, "माणसाचे दात असे असतात हे आधी सांगायचं." हे मी बोलायला नको होतं. कबूल आहे. तुम्ही असं बघू नका.

कारण त्याच वेळी डॉक्टर आत आला, नवा जबडा कधी मिळेल विचारायला, आणि त्याच्यामागं विहीणबाई.

मशीनं नेमकी थांबलेली. विहीणबाई सरळ माझ्या टेबलाशी आल्या. मी पाय आणखी घट्ट केले. मला वाटलं, झालं, आता ही बाई सांगणार, हे सगळं टाका, आणि तिचं ऐकावं लागणार, कारण अपराध माझा आहे, हे मला आत कुठंतरी कळत होतं, फक्त ते बाहेर येत नव्हतं. त्यांनी जबडा उचलला. उलटा केला, बिजागर बघितलं, बदकाची चावी बघितली. चावी दिली. कट कट कट कट... आणि शेवटी एकटाच कट्. डॉक्टर खाली मान घालून हसला. सून म्हणाली, "आई, ठेव ते, बघू नकोस."

आणि विहीणबाईंनी रुमाल खाली घेतला. महिन्यात पहिल्यांदा मी त्यांचं अख्खं तोंड बघितलं. तो दात तिथं होता, हुबेहूब, मशीनला मानलं मी. त्या म्हणाल्या, "माझा एक फोटो नाही तोंड उघडं असलेला. लग्नातसुद्धा नाही." मग म्हणाल्या, "काल पोरं तीनदा पुन्हा म्हणाली. मी मोजलं." मुलानं टेबलाचं टोक सोडलं. आणि हे तुम्ही कुठं सांगू नका. मी म्हटलं, "चुकलं माझं," म्हणजे तोंडातल्या तोंडात म्हटलं, पण म्हटलं. त्यांनी हातानंच राहू दे केलं. मग माझ्या त्या पडलेल्या जहाजाकडं बघितलं, खिडक्या मोजल्या, पाणबुडीतला तुटका हात उचलून उजेडात धरला, आणि मला न विचारता डिंकाची बाटली ओढली.

भांडण मिटलं. मी जिंकले असं सगळे म्हणतात, म्हणू देत. टेबल जिथल्या तिथं आहे, चौथं मशीन जिन्याखाली गेलं, सून पुन्हा माझ्याशी बोलते, भिंतीशी नाही. सात वर्षं एकच खुर्ची होती हो या टेबलाला. पण विहीणबाईंनी तो हात चिकटवला, तोही उलटा, आणि वर न बघता आपल्या जावयाला म्हणाल्या, "टेबल राहू दे इथंच, फक्त अजून एक खुर्ची आण, मी आता दात होईपर्यंत कशाला, नंतरही इथंच राहते."