मधल्या खोक्यातला वारा

— नाही हो ताई, मधलं राहू द्या. कडेची दोन उघडा, स्क्रू मोजा, फोटो काढा, पोटात हात घालून बघा, मी काही म्हणणार नाही — पण स्पीकरच्या मधल्या खोक्याला हात नको. का म्हणजे? गंजलेत त्याचे स्क्रू. बरं, नाही गंजले, दिसतंय तुम्हाला, संग्रहालयवाले तुम्ही, तुमच्या नजरेतून काय सुटणार! असं करा, आधी गिटारी लिहून घ्या. खोकी कुठं पळून जात नाहीत. चाकं मोडलीत त्यांची — माझ्या गुडघ्यांबरोबरच मोडली, एकाच वर्षी. आणि ते पांढरे हातमोजे काढा आधी. गिटारीला हात लावताय की ऑपरेशनला आलाय? चाळीस वर्षांचा घाम बसलाय तिच्यावर, चहा सांडलाय, एकदा तुमच्या उस्तादांच्या बायकोनं, वहिनींनी, रागानं फेकलेली साबणाची वडी लागलीय. तुमच्या हातांनी काय वाईट होणार तिचं.

लिहा. पहिली, लाल. इथं रंग गेलाय बघा, कोपर टेकून टेकून — लोकांना वाटतं वादळी वादन, वादन कसलं, हा झोपायचा तिच्यावर. दुसरी, पांढरी. मान तुटून जोडलेली. कोणी तोडली? लिहा, 'प्रवासात'. मीच बसलो होतो तिच्यावर, पण तुमच्या रकान्यात तेवढी जागा नसेल. तिसरी बारा तारांची, ती कधीच वाजवली नाही, नुसती फोटोपुरती. आणि हे तारांचं टोक बघा, खुंटीपाशी. तार मी चढवतो, सुरात मी आणतो, पण उरलेलं टोक हा स्वतः पिळतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. तीन पीळ, आणि तेही डावीकडे. सगळं जग उजवीकडे पिळतं, हा उलटा. किती वर्षं सांगतोय, अरे भोंग्या, माणसासारखा पिळ की. नाही म्हणजे नाही. भोंगा म्हणजे तोच हो, तुमचे उस्ताद. तुम्ही उस्ताद म्हणा, मी भोंगा म्हणतो. वयानं माझ्याहून दोन महिन्यांनी लहान आहे आणि आवाजानं दहापट मोठा.

मी? माझं काय लिहिणार यादीत? 'देखभाल' लिहा. सातवीत शाळेनं मला सोडलं, तेव्हापासून ह्याच्या वायरी सोडवतोय. तारा बदला, सोल्डर मारा, खोकी चढवा, खोकी उतरवा. तो वाजवायचा दोन तास, मी उचलायचो बारा. गेल्या आठवड्यात शेवटचा कार्यक्रम झाला, लोक रडले. मीही रडलो, खोकं पायावर पडलं होतं.

पेडलं लिहायची? लिहा. पायानं दाबायचे डबे पाच. हा आवाज फाडायचा. हा घुमवायचा, दरीत ओरडल्यासारखा. हा रडका, पाय वरखाली केला की गिटार भोकाड पसरते. हा चौथा, निळा, कशाचा ते मलाच माहीत नाही. हसू नका. मीच बनवलाय. आत एक दिवा आहे आणि बाहेर एक बटण, बाकी रिकामा. ह्याच्या वाढदिवसाला दिला, म्हटलं, ह्यानं आवाजाला गोडी येते. तीन वर्षं दाबला त्यानं! मुलाखतीत सांगितलं, गोडीचं रहस्य हा निळा डबा. शेवटी उघडून दाखवला तर दोन दिवस बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी परत दाबायला लागला. म्हणाला, दिवा लागला की बरं वाटतं. असा आहे तो. पाचवा लिहा, मोडका.

आता किती वाजले? साडेतीन? चारला येईल तो सही करायला. मग घाई करा की — नाही, खोक्यांकडे कुठं निघालात? ताई, ऐका. मागची फळी न उघडता नाही का लिहिता येणार, 'आत स्पीकर चार, अवस्था उत्तम'? तुम्हाला आतला फोटो लागतो. लागतोच? मोठी शाळा शिकलेल्या माणसांचं हेच, बंद फळी बघवत नाही. बरं. बसा त्या डब्यावर. सांगतो, पण वहीत नाही लिहायचं, आणि तो यायच्या आत फळी परत लावायची. तो इथं उभा असताना ती उघडली ना, तर माझी पन्नास वर्षं — जाऊ द्या.

ह्याचा उजवा कान गेलेला आहे. हे लिहिलंत तरी चालेल, सगळ्यांना ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी डावाही शिट्ट्या मारायला लागला. डॉक्टरनं मला आणि वहिनींना वेगळं बोलावलं — म्हणाले, उजवा गेलाच आहे, ह्या मोठ्या आवाजापुढं आणखी वर्षभर उभा राहिला तर डावाही जाईल, मग घरी वहिनी काय बोलल्या तेही कळायचं नाही. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, ती तर सोय झाली. वहिनी हसल्या नाहीत. तेव्हा कळलं, प्रकरण गंभीर आहे. पण भोंग्याला सांगणार कोण? आवाज कमी कर म्हटलं की तो आणखी वाढवणार. म्हणून मी आपलं माझ्या पद्धतीनं केलं. तीन खोक्यांत चार-चार स्पीकर, एकूण बारा. दर कार्यक्रमाला एकाची वायर काढायची. एकदम नाही — हळूहळू, केस गळतात ना तसं. पडद्यामागं एक पिटुकला अँप लावला, सुटकेसएवढा, त्याच्यासमोर माईक, आणि लोकांना तोच ऐकवायचा. लोक खूश. हा बटण दहावर नेऊन ठेवायचा आणि बटणाला काही जोडलेलंच नाही! अकरा स्पीकर गेले, ह्याला पत्ता नाही. बाराव्याची वायर काढली त्या दिवशी सरावात ह्यानं मागं वळून बघितलं. म्हणाला, "आवाज ठीक आहे रे. पण वारा लागत नाही."

वारा हो. मोठ्या स्पीकरसमोर उभं राहिलं की पँट फडफडते. हा माणूस आवाज कानानं मोजतच नव्हता, पँटीनं मोजत होता! मग काय करणार, दुसऱ्या दिवशी टेबलफॅन आणला. मधल्या खोक्यातले चारही स्पीकर काढले, फॅन बसवला, पुढं सैल विणीचं कापड ताणलं. लावला दोन नंबरवर. हा उभा राहिला, पँट फडफडली, आणि काय वाजवलं त्या दिवशी, अहो! सहा वर्षं. सहा वर्षं हा रॉकवाला टेबलफॅनसमोर वाजवतोय आणि लोक डोकी हलवतायत. मधे एक वर्ष फॅन करकरायचा, जाळी सैल झाली होती. हळू गाण्यात ऐकू यायचा — पेपरात एकानं लिहिलं, उस्तादांच्या संथ वादनात दूरवर एखादा पक्षी बोलतो. पक्षी! दुरुस्त करीन म्हटलं, पण गुडघे वाकत नव्हते. मग दीडेक वर्षापूर्वी करकर आपोआप थांबली.

हसा, हसा. पण आता कळलं ना, त्याच्यासमोर का नाही उघडायचं? त्याला वाटतंय शेवटपर्यंत बारा स्पीकर अंगावर घेऊन वाजवलं. वाटू द्या की.

नाही, मी कसला भला. भला म्हणू नका मला, ताई. तुम्हाला माहीत नाही म्हणून म्हणताय. उजवा कान कसा गेला विचारा. तो सांगतो, ड्रमवाल्याच्या झांजांनी — तो उजवीकडं बसायचा ना. चाळीस वर्षं त्या बिचाऱ्याला शिव्या. गेला तो. दवाखान्यात शेवटी भोंग्याचा हात धरून म्हणाला, तुझ्या कानाबद्दल माफ कर. मी शेजारी पाण्याचा पेला घेऊन उभा. तोंड उघडलं नाही मी. आणि झांजा नव्हत्याच हो. तेविसाव्या वर्षी, पत्र्याच्या शेडमधे सराव, अँपमधून घूं घूं आवाज येत होता. भोंगा वाकून कान लावून ऐकत होता, कुठून येतोय. उजवा कान. मी म्हटलं, अजून जवळ. म्हटलं, अजून. आणि आवाज पुरा वर केला आणि अँपला जोडलेल्या वायरच्या मोकळ्या टोकाला बोट लावलं. गंमत हो. धडाम! सगळे हसले. तोच सगळ्यात जास्त हसला, खाली बसून हसला. तीन दिवस म्हणाला, कानात शिट्टी वाजतेय. मग शिट्टी गेली. कानही तिच्याबरोबरच गेला.

सांगितलं नाही असं नाही. किती वेळा सांगितलंय! गाडीत मी नेहमी त्याच्या उजवीकडं बसतो. तो खिडकीबाहेर बघत असतो, मी सांगत असतो — भोंग्या, तो मीच होतो रे, झांजा नव्हे. सगळं सांगून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. तो आपली मान हलवतो. तो कशालाही हलवतो.

चला, पावणेचार तर होऊन गेले. द्या तो स्क्रूड्रायव्हर. तुम्ही फोटो घ्या आणि लगेच लावू. सहा स्क्रू... हा शेवटचा. सरका जरा, उजेड येऊ द्या. हा बघा आमचा पक्षी.

...

थांबा. हात लावू नका. ही जाळी — नाही, मी नाही बांधली. फॅन बसवल्यापासून मी ही फळी कधी उघडलीच नाही, गुडघे सांगितले ना तुम्हाला. गिटारीची तार आहे ही, जाडी. तेलसुद्धा घातलंय कुणीतरी. तीन पीळ. तुम्ही मोजा, माझा चष्मा... तीनच ना? डावीकडे.

आणि तीन नंबरवर ठेवलाय. मी दोनवर ठेवला होता.

ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, एक सांगा. डॉक्टर कान गेला म्हणतात, तो पुरता जातो का हो? की राहतो थोडासा? नाही, कितपत गेला ते मी विचारलंच नाही. कधीच नाही विचारलं.

त्याचीच पावलं ही. जिन्यावर एक पाय आपटतो तो. राहू द्या, फळी राहू द्या आता. वही मिटा. दारातून आत आला की त्याची उजवी बाजू आपल्याकडं येईल. हाक मारू नका तुम्ही — मी मारतो. हळूच मारतो.

भोंग्या.

...थांबला. ताई, तुम्ही निघा आता.