गच्चीवर कोणी राहत नाही

आणि वर लोक मलाच विचारतात, 'तुम्ही नगररचना कार्यालयात ना? मग तुम्हाला कशी घराची चणचण?' काय बोलणार! तुम्हाला सांगतो, अख्ख्या शहराचा नकाशा माझ्या टेबलावर, हातात पिवळी पेन्सिल, आणि काम काय? तर सामान्य माणसाला परवडतील अशी घरं जिथं बांधता येतील, त्या जागा पिवळ्या करायच्या. आणि हे करणारा मी राहतो कुठं... गच्चीवरच्या एका खोलीत! मी, बायको, दोन मुली आणि सासूबाई. निम्मा पगार घरमालक नेतो, उरलेल्यात आम्ही पाचजण हसतमुख राहतो.

बरं, जागा कमी आहेत का? छे हो, ढिगानं! पण जागा पिवळी केली की सुनावणी. म्हणजे लोकांनी येऊन हरकत सांगायची आणि मी ती लिहून घ्यायची. पहिल्या जागेला एक डॉक्टरीणबाई उठल्या. काय गोड आवाज! 'गरजूंना घरं हवीतच हो, माझं तर मन भरून येतं... पण इथं नको. आमच्या खिडकीतून सूर्यास्त दिसतो.' लिहिलं, सूर्यास्त. दुसऱ्या जागेला निवृत्त हेडमास्तर, टेबलावर मूठ आपटत, 'घरं झालीच पाहिजेत! पण इथं नको! या मैदानात माझा कुत्रा धावतो!' लिहिलं, कुत्रा. तिसऱ्या जागेला तर शेजारची अख्खी इमारत आली, 'घरं हवीतच... पण इथं नको!' माणसं वाईट नाहीत हो! फक्त प्रत्येकाला घरं दुसऱ्याच्या शेजारी हवीत.

चाळीसातल्या एकोणचाळीस जागा अशा गेल्या. साहेब वैतागले, 'अरे, एखादी तरी बिनबोभाट जागा काढ!' आता आमच्याकडे जागा ओळखतात नंबरानं. गल्ली नाही, झाड नाही, कोपऱ्यावरचा न्हावी नाही... नंबर! भूखंड दोनशे चौदा. जुनं बैठं घर, मालक एकटा, विकायला तयार, दुसरं कोणी राहत नाही. म्हटलं, वा! केला पिवळा. शीळ घालत घरी आलो, फाटक उघडताना गंजकी पाटी दिसली... दोनशे चौदा! तीन वर्षं त्या फाटकातून ये-जा करतोय, पण स्वतःच्या घराची पाटी कोण वाचतं हो? आणि कोणी राहत नाही म्हणजे काय, तर आमची खोली बिनपरवानगीची. नकाशात नाहीच!

आता करायचं काय? खोली आहे म्हणावं, तर बेकायदा म्हणून उद्याच पाडतील, वर माझी नोकरी खातील. गप्प बसावं, तर सहा महिन्यांनी पाडतील. मी सहा महिने घेतले!

सुनावणीला कोणी येणार नाही अशी खात्री होती. दार उघडलं... सासूबाई! फाटकावरची नोटीस वाचून थेट आल्या. 'घरं बांधा हो, पुण्याचं काम आहे... पण इथं नको!'

साहेबांनी विचारलं, 'आजी, तुम्ही राहता कुठं?'

'त्याच घराच्या गच्चीवर!'

साहेब माझ्याकडे वळले, 'गच्चीवर काही आहे का रे?'

मी नकाशा पुढं ओढला. म्हटलं, 'नकाशात... नाही.' खोटं बोललो का? नाही ना!

'अहो लिहिणारे,' सासूबाई म्हणाल्या, 'मग तीन वर्षं मी झोपते कुठं?'

अहो लिहिणारे! एरवी उठता बसता जावईबापू म्हणणारी बाई! चारचौघांत नातं गिळून माझी नोकरी वाचवली हो त्या माउलीनं. आणि मी खाली मान घालून लिहिलं, 'हरकत नाही.' इतकी लाज जन्मात वाटली नव्हती. घरी गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, 'जेवून घ्या.' ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं!

मग खोली शोधायला निघालो. एकीत आम्ही मावेना, दुसरीचं भाडं पगारात मावेना! शेवटी नकाशाचा कागद जिथं संपतो, त्याच्याही पुढं एक मिळाली. आणि दोनशे चौदावर होणाऱ्या नव्या घरांसाठी अर्ज? केला ना! म्हणाले, आधी त्या जागेवर राहत होतात याचा पुरावा आणा.

काल सामान हलवलं. गादी खांद्यावर घेऊन जिना उतरतोय, मागे सासूबाई उशा घेऊन, तेवढ्यात साहेबांचा फोन! 'अरे, अभिनंदन! वरून तुझं नाव घेऊन कौतुक आलंय. एकाही माणसाला न उठवता मिळालेली ही शहरातली पहिली जागा!'

म्हटलं, 'आभारी आहे साहेब... जरा थांबा हं, गादी दुसऱ्या खांद्यावर घेतो.'