शिक्षेची दृश्ये

सन्माननीय अध्यक्ष हेमंतराव, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आज ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सुधाकरकाका आणि अलकाकाकू, आणि बेहाल्याहून, थेट बजबजहूनसुद्धा वेळेवर पोहोचलेल्या माझ्या मंडळकरांनो! मी रजनी. बंगालातल्या या आपल्या मराठी मंडळाचा चहा माझ्याकडे असतो, भाषण नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

काका गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीतून निवृत्त झाले आणि येत्या मंगळवारी साताऱ्याला निघालेत. मंडळात मराठी चित्रपट दाखवायचा म्हणजे काका तो आधी एकटे पाहणार आणि दारावर खडूने पाटी लिहिणार. 'मध्यंतरानंतर शिव्या.' 'शेवटी एक मरण, पण सौम्य.' मरण सौम्य आहे हे कसं ठरवतात बरं? मी एकदा विचारलंच. म्हणाले, "रजनी, प्रमाणपत्र देणाऱ्यांना आपली पोरं ठाऊक नाहीत. मला आहेत."

गेल्या वर्षी आपण तो निवडणुकीवरचा चित्रपट आणला. प्रमाणपत्र 'यूए सोळा प्लस', म्हणजे सोळाच्या आतल्यांबाबत आईबापांनी ठरवायचं. काकांनी लिहिलं, 'कोठडीतील शिक्षेची दृश्ये आहेत. पालकांनी विचार करावा.' आता सांगा, यात काय चुकलं?

माझी मधुवंती तेव्हा बारा वर्षांची. तिचं मराठी घरापुरतं. वाचते ती शाळेतल्या हिंदीच्या जोरावर. कोठडी म्हणजे खोली, आणि शिक्षा म्हणजे हिंदीत काय नि बंगालीत काय, शिक्षणच! थर्मासपाशी येऊन म्हणाली, "आई, क्लासरूमचा सिनेमा आहे, आम्ही बसतो." साखर ढवळता ढवळता मी म्हटलं, बस. सहा मुलं पहिल्या रांगेत बसली. पडद्यावर पोलीस एका कार्यकर्त्याला मारू लागले, आणि मधू किंचाळली.

त्या दिवसापासून काकांनी खडू हातात घेतला नाही. "माझ्या शब्दाने पोर घाबरली," एवढंच म्हणतात. काका, आज सगळ्यांसमोर सांगते, पाटी बरोबर होती. ती आईने वाचायची होती, आणि मी वाचली नाही. हे ओझं तुम्ही साताऱ्याला नेऊ नका हो.

मधूचं पुढे काय झालं? तिचे प्रश्न सुरू झाले. त्याला का मारलं? त्याने काय केलं होतं? आणि एकाच शब्दात शाळाही आणि मारही, असं कसं? मी म्हटलं, आमच्या वेळी दोन्ही एकाच मास्तरांकडे मिळायचं. तिला ते पटलं नाही. तिने वही केली. अशा फसव्या शब्दांची संख्या आता एकतीस आहे.

आत येताना दारावरची पाटी पाहिलीत? ती मधूने लिहिली आहे. 'आज निरोपाची दृश्ये आहेत. मोठ्यांना लहानांनी सोबत करावी.' त्यातला 'दृश्ये' लिहिताना चुकलाय. मी मुद्दाम तसाच ठेवला. खडू तिथेच आहे, काका. जाताना तेवढा दुरुस्त करून जा.

आपण शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. आणि शिक्षा द्यायचीच असेल, तर बंगालीतली द्या.