तिसऱ्यांदा लावलेला फेस

नाही नाही, बरोबर दुकानात आलात, मास्तर, बसा — पाटी तीच, खुर्ची तीच आणि माणूसही तोच आहे. मी धाकटा भाऊ नाही. मला धाकटा भाऊच नाही, एक थोरली बहीण आहे, आणि तीसुद्धा मला बघून दारातच म्हणाली, कोण हवंय आपल्याला. तुम्ही निदान आत तरी आलात. मान मागे टेका — अजून थोडी — हं. सात महिने झाले ना तुम्हाला येऊन? मी काही मोजत बसत नाही, पण शनिवारी सकाळी ही खुर्ची रिकामी दिसते, मग कळतंच. जाऊ दे. आलात ना. आणि आज कोट वगैरे — काय म्हणता, शाळेचा शेवटचा दिवस? निवृत्त होताय? म्हणजे भाषणं आली, फोटो आले, पुढच्या रांगेत मधोमध बसणं आलं. मग दाढी तशीच झाली पाहिजे. करू की. आधी गरम टॉवेल ठेवतो, डोळे मिटा, आणि बोलू नका, बोलायला मी आहे.

तर चेहरा. तुम्हाला विचारायला अवघड वाटतंय, म्हणून मीच सांगतो — ऑपरेशन केलं. अपघात नाही, आजार नाही, स्वतःच्या पायांनी चालत गेलो आणि गालांची कातडी मागे ओढून कानांपाशी शिवून घेतली. पापण्यांवरच्या पिशव्या काढल्या, हनुवटीखाली लोंबत होतं ते काढलं. त्रेसष्टाव्या वर्षी. हसा, अजून फेस लावलेला नाही, हसून घ्या. का केलं? गिऱ्हाईक सुटत चाललं होतं, मास्तर. एकदम नाही, एकेक करून. आधी तो बँकेतला कॅशियर गेला, मग औषधवाला, मग तुम्ही — राग नाही हो, सांगतोय फक्त — आणि सगळे समोरच्या नव्या दुकानात. काचेतून मला इथूनच दिसायचं. भाव तोच, वर अर्धा तास ताटकळावं लागतं, तरी तिकडेच. मग माझ्यात काय कमी आहे? म्हणून एके दिवशी आरशात बघितलं. दिवसभर आरशासमोर उभा असतो, पण बघतो गिऱ्हाइकाकडे. स्वतःकडे बघितलं तर एक म्हातारा उभा, गाल खाली आलेले, पापण्या डोळ्यांवर आलेल्या. म्हटलं, सापडलं. असल्या माणसाच्या हातात आपला गळा कोण देईल? आमच्या धंद्यात चेहरा म्हणजेच पाटी, आणि पाटी जुनी झाली की रंगवायची असते. या दुकानाशिवाय मला दुसरं काही येत नाही, मास्तर. घरी बसलो तर आठ दिवसांत बायको मला बाहेर काढेल, तसं तिनं सांगून ठेवलंय.

टॉवेल काढतो. फेस लावतो आता. गार लागला? ब्रश नवा आहे.

डॉक्टरीणबाई म्हणजे वयानं माझ्या मुलीपेक्षा लहान. पहिल्याच दिवशी जांभळं पेन घेतलं आणि माझ्या तोंडावर रेघा ओढल्या, शिंपी कापडावर खडूनं ओढतो तशा. मी म्हटलं, बाई, चाळीस वर्षं मी लोकांच्या तोंडाला हात लावतोय, माझ्या तोंडावर कुणी लिहिलं नव्हतं. त्या हसल्या आणि एक कागद दिला. हे खायचं नाही, ते प्यायचं नाही, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर मला सांगितल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, लसणाच्या गोळ्यासुद्धा बंद — आणि शेवटी एक ओळ, दाढी न करता या, दाढीचं आमचं आम्ही बघू. आता मला सांगा, मी, दाढी वाढवून, चार लोकांसमोर झोपायला जाऊ? न्हाव्यानं? माझे वडील तापानं फणफणलेले असले तरी आधी दाढी करायचे, मग डॉक्टरकडे जायचे. मी काय केलं असेल? पहाटे उठलो, वस्तरा घेतला, नवीन पातं घातलं, अशी गुळगुळीत केली की डॉक्टरीणबाईंनी बघत राहावं. त्या बघत राहिल्याच. जबड्याखाली हा एवढा काप होता. नुसतं खरचटलेलं नव्हतं, चांगला उघडा काप. त्या म्हणाल्या, यावर मी सुरी लावणार नाही, आत काही गेलं तर सगळा चेहरा खराब होईल, दहा दिवसांनी या. उपाशीपोटी गेलो होतो, उपाशीच परत आलो, आणि बायकोनं पोळ्या केलेल्याच नव्हत्या.

त्यांनी विचारलं हो, कुणी केली ही दाढी. आता काय सांगणार? म्हटलं, आमच्या समोर एक दुकान आहे, तिथला माणूस जरा नवखा आहे. सरळ ढकललं त्याच्यावर. त्या बिचाऱ्याला मी कोण हेसुद्धा नीट माहीत नाही. आणि बाईंनी माझ्याकडे बघितलं — चेहऱ्याकडे नाही, मी सहीसाठी पेन धरलं होतं, तिकडे — आणि म्हणाल्या, चेहऱ्याचं मी करीन, ते कुणाला दाखवलंत का? मी म्हटलं, काय? त्या म्हणाल्या, बरं. मी सही केली. सही काही फार छान आली नाही.

थांबा, फेस वाळला इकडचा. बोलण्याच्या नादात हे असं होतं. परत लावतो. वस्तरा हा काय इथेच आहे, पातं बदललंय तुमच्यासमोर, बघितलंत ना.

तर दहा दिवसांनी ऑपरेशन झालं. नंतरचं ऐका, गंमत तिथेच आहे. दोन्ही कानांमागून बारीक नळ्या, त्यांना लोंबणारे फुगे, त्यात रक्त साठतं. डोक्याला, हनुवटीला पट्टा आवळलेला. नळ्या दुसऱ्याच दिवशी काढल्या, पण झोपायचं कसं? आडवं व्हायचं नाही, डोकं उंच, मान सरळ, कूस बदलायची नाही, दोन आठवडे. घरी उशा रचून बघितल्या, दर तासाला घसरून खाली. मग सुचलं — अशी खुर्ची गावात कुणाकडे आहे? माझ्याकडेच आहे की. या खुर्चीत झोपलो मी, मास्तर, तुम्ही बसलात त्याच. शटर अर्धं ओढलेलं, बाहेर पाटी, दाढदुखीमुळे दुकान बंद. लोकांना सांगितलं होतं, अक्कलदाढ काढली. बायको म्हणाली, या वयात येत असेल तर काढू नका, येऊ द्या. खायला सगळं मिक्सरमधून काढलेलं, तेसुद्धा चमच्यानं, कारण जबडा हलवायचा नाही, हसायचं नाही. आणि ती नेमकी तेव्हाच विनोद करायची. आयुष्यात जेवढे विनोद केले नाहीत तेवढे त्या दोन आठवड्यांत. आणि समोर आरसा, बाजूला आरसा, मागे आरसा — बुबुळंच तेवढी माझी, बाकी सगळं सुजलेलं भोपळ्याएवढं, आधी काळंनिळं, मग हिरवं, मग पिवळं. जिकडे बघावं तिकडे तोच माणूस. दुसरं कुणी असतं तर आरसे झाकले असते. मी झाकले नाहीत, कारण मला वाटायचं, गिऱ्हाइकांसमोर मी असाच दिसत असणार, म्हणून जातात. त्यापेक्षा हे सहन करू. वेडा तो वेडाच.

टाके निघाले, सूज उतरली, आणि खरंच, खोटं नाही बोलत, छान दिसायला लागलो. तुम्हीच मघाशी दारात थबकलात. फक्त एक गोष्ट त्या बाईंनी सांगितली होती आणि मी ऐकली नव्हती. गालाची कातडी मागे ओढली की तिच्यावरची दाढीही तिच्याबरोबर मागे जाते. बघा, इथे — कानामागे. हात लावून बघा, लावा. खुंट आहेत ना? दाढी येते मला कानामागे, मास्तर. जगात एवढे लोक आहेत, हे बरोबर न्हाव्यालाच व्हावं. आणि तिथे दिसत नाही, कान बधिर आहे, अजून कानाला फोन धरला तरी टेकला की नाही ते कळत नाही. एकदा केली स्वतः, शर्टाची कॉलर लाल झाली आणि मला पत्ताच नाही, रस्त्यानं चालतोय. तेव्हापासून बायको करते. घरी, सकाळी, खिडकीपाशी स्टुलावर बसवून. चाळीस वर्षं मी जगाची केली, माझी ती करते. तिला कुणी शिकवलं नाही. साधा बाजारातला रेझर, कान असा दुमडून धरते आणि सरळ ओढते. एकदाही लागलं नाही. हात इतका स्थिर की मला राग येतो.

राग येतो म्हणजे तिचा नाही हो.

मग दुकान उघडलं. पहिल्या आठवड्यात कॅशियर आला. नुसता बघायला आला असेल, बातमी पसरलीच होती, अक्कलदाढेवर कुणाचा विश्वास बसला नव्हता. म्हणाला, वा, पन्नाशीचे दिसता. मी खूश. खुर्ची झटकली, टॉवेल टाकला, ब्रश भिजवला — तर म्हणाला, फक्त केस कापा, दाढी घरीच करतो हल्ली. मी त्याला आदल्याच शुक्रवारी समोरच्या काचेत बघितलं होतं, मान मागे टाकून, तोंडभर फेस. केस कापले. कात्रीचं काय असतं, कात्री हलतच असते, हात हलला तरी कुणाला कळत नाही. संध्याकाळी घरी गेलो, बायकोला सांगितलं, चेहरा बघूनही राहिला नाही तो. ती चहा ओतत होती. कप माझ्या हातात दिला, बशीसकट, आणि म्हणाली, पंधरा वर्षांनी लहान दिसता, पण बशी अजून वाजतेय. एवढंच म्हणाली. मी कप खाली ठेवला. तो चहा तसाच गार झाला.

हात हलायला लागून वर्ष होऊन गेलं असेल, मास्तर. आधी फक्त सकाळी, मग केव्हाही. मला माहीत होतं. कसं माहीत नसणार, हात माझाच आहे. पण मला वाटलं, हाताकडे कोण बघतो, लोक तोंडाकडे बघतात. तुम्ही गेलात तेही मी माझ्या तोंडावरच ढकललं. खरं तर त्या शनिवारी तुमच्या कानाच्या पाळीखाली लागलं होतं. तुम्ही म्हणालात, काही नाही, होतं एखाद्या वेळी. मी तुरटी फिरवली, पावडर लावली, तुमच्या हृदयाच्या गोळ्यांनी रक्त पातळ झालेलं, ते थांबेना, माझा अर्धा टॉवेल भिजला आणि तुम्ही वरून मलाच धीर देत होतात. मी तेव्हा माफीसुद्धा मागितली नाही. पातं खराब निघालं म्हणालो. पातं नवं कोरं होतं. मला तुमच्यापुढे भयंकर लाज वाटत होती, सात महिने वाटत होती, आणि त्या लाजेपायी मी गाल शिवून घेतले.

बघा, परत वाळला. तिसऱ्यांदा लावतोय हा फेस. तुमच्या लक्षात आलंच असेल, चाळीस वर्षं मुलांच्या कॉप्या पकडल्यात तुम्ही. पाऊण तास झाला, मी वस्तरा एकदाही उचललेला नाही. मघापासून तो तिथेच पडलाय. तुम्ही दारात दिसलात ना, तेव्हा मला इतका आनंद झाला, म्हटलं, झालं, फळलं सगळं, मास्तर परत आले. आणि मग तुम्ही मान मागे टाकली.

थांबा, पुसून टाकतो. फेस. हनुवटीखालचा राहिलाय, हं, झालं. कोटाला काही लागलेलं नाही. समारंभ किती वाजता? अकराला? मग वेळ आहे. समोर जा. मी खोटं बोललो होतो, तो नवखा नाही, हात चांगला आहे त्याचा, मी काचेतून बघतो रोज. त्याला गोळ्यांचं आधी सांगा, म्हणावं, सावकाश कर.

नाही, मास्तर. बसू नका परत. फेस पुसलाय मी. काय म्हणालात? नाही, ऐकलं मी. तुमच्याच हातून व्हायला पाहिजे, आजच्या दिवशी तरी — हेच ना? हे एक वाक्य ऐकायला मी गाल कानांपाशी शिवून घेतले, दोन आठवडे या खुर्चीत बसून झोपलो, आणि आता तुम्ही ते म्हणताय. अजून एकदा म्हणालात तर मी वस्तरा उचलीन. खरंच उचलीन, मला माझा भरवसा नाही. म्हणून उठा.

उठा म्हणतो ना, मास्तर.